मातीतला विषारी धातू, मातीतलेच जिवाणू: सोलापुरात पहिली चाचणी कशी घ्यावी

‘धातूचं विष खाऊन टाकणारं एखादं कल्चर सांगा’, असं म्हणत लोक येतात. कुणाची जमीन नाल्याकाठी असते, कुणी जुन्या प्लेटिंगच्या शेडची जागा घेतलेली असते, कुणी एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असतं. तिघांनाही मी आधी एकच गोष्ट सांगतो. धातू कुणीच खाऊन संपवू शकत नाही.

हा गैरसमज तेलामुळे पसरला असावा. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी तेल खाणारा जिवाणू तयार केला आणि त्याच्या पेटंटवर 1980 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हापासून ‘प्रदूषण खाणारे जिवाणू’ हा शब्दप्रयोग सगळीकडे गेला. पण तेल म्हणजे कार्बनच्या साखळ्या. जिवाणू त्या तोडतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम ही मूलद्रव्यं आहेत. त्यांचं तोडून काही होत नाही. शिसं आज मातीत आहे, तर कुणी उचलून नेईपर्यंत ते तिथेच राहणार.

मग जिवाणू करतात काय? ते धातूचं रूप बदलतात किंवा त्याला जखडून ठेवतात. त्यांच्या पेशीभित्तीवर ऋण भार असतो, त्यामुळे शिसं, तांबं, कॅडमियम यांचे आयन तिथे चिकटतात. काही जिवाणू सल्फेटपासून सल्फाइड बनवतात आणि त्या सल्फाइडला मिळून जस्त, कॅडमियम यांचा न विरघळणारा गाळ होतो. नेदरलँड्समधल्या बुडेल इथल्या जस्ताच्या कारखान्यात 1992 पासून भूजल शुद्ध करायला हीच रीत वापरली गेली. काही जिवाणू युरिया फोडून चुनखडीचे कण तयार करतात आणि धातू त्या कणांत अडकतो. पाऱ्याच्या बाबतीत मात्र जिवाणू एक वेगळाच उद्योग करतात. ते विरघळलेल्या पाऱ्याची वाफ करून हवेत सोडतात. माती सुटते, पण पारा हवेत जातो. म्हणून पाऱ्याची जागा असेल तर या लेखातलं काहीही करू नका.

या लेखात मी क्रोमियम घेतलंय, कारण जिवाणूंचं काम इथे सगळ्यात स्वच्छ दिसतं. क्रोमियमची दोन रूपं आपल्या कामाची. क्रोमियम-6 पाण्यात सहज विरघळतं, मातीतून वाहत विहिरीपर्यंत जातं, आणि ते कर्करोगकारक आहे. क्रोमियम-3 मातीत हायड्रॉक्साइड होऊन बसतं, फारसं हलत नाही आणि त्याची विषारीता पुष्कळच कमी असते. अनेक जिवाणू श्वसनाच्या ओघात क्रोमियम-6 ला तीन इलेक्ट्रॉन देऊन त्याचं क्रोमियम-3 करून टाकतात. कॅलिफोर्नियातल्या हिंक्ली गावाच्या भूजलात 1952 ते 1966 या काळात क्रोमियम-6 मुरलं होतं. तिथे जमिनीखाली इथेनॉल सोडून तिथल्याच जिवाणूंना खाद्य पुरवण्यात आलं. बाहेरून कुठलं जादूचं बाटलीबंद कल्चर न्यावं लागलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कुंड्यांच्या वेळी ते कामी येईल.

आपली माती या कामात कुठे बसते

सोलापूरची काळी भारी जमीन बेसाल्टपासून बनलेली, चुनखडीयुक्त, सामू (पीएच) साधारण 8 च्या आसपास किंवा वर. शिसं, तांबं, जस्त, निकेल यांच्यासाठी अशी जमीन बरी, कारण चिकणमाती आणि चुना त्यांना धरून ठेवतात. क्रोमियम-6 चं उलटं आहे. ते क्रोमेट म्हणून, म्हणजे ऋणभारित होऊन पाण्यात राहतं. सामू जितका चढा तितकी माती त्याला कमी धरते. आर्सेनिकचंही असंच. म्हणजे आम्लधर्मी जमिनीवरून लिहिलेलं मार्गदर्शन जसंच्या तसं उचलून इथे चालत नाही.

दुसरी गोष्ट भेगांची. उन्हाळ्यात आपल्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा वेळी वरून काहीही ओतलं, प्रदूषित पाणी असो किंवा जिवाणूंचं द्रावण, ते ढेकळांना न शिवता भेगांतून सरळ खाली जातं. पृष्ठभागावरची माती बरी आणि दोन फुटांखालची बिघडलेली, असं अशा जमिनीत घडू शकतं. म्हणून नमुना एकाच खोलीवरचा घेऊन निष्कर्ष काढू नये.

तिसरी गोष्ट, बेसाल्टच्या मातीत क्रोमियम, निकेल, तांबं निसर्गतःच थोडं जास्त असतं. अहवालात ‘एकूण क्रोमियम’चा आकडा मोठा दिसला की लोक घाबरतात. तो आकडा एकटा काहीच सांगत नाही. शेजारच्या, कधी सांडपाणी न लागलेल्या तशाच काळ्या रानाचा नमुना सोबत तपासलेला असेल तरच तुलना होते.

पायरी 1: जागेची चौकशी

उपकरण नंतर, आधी माणसं. जागेवर पंचवीस-तीस वर्षांत काय काय झालं ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. प्लेटिंग, बॅटरी फोडणं, भंगार वितळवणं, चामडं कमावणं, जुन्या रंगखान्याचं पाणी सोडणं, यातलं काही झालं असेल तर जागा संशयित धरा. कागदावर कच्चा नकाशा काढा: उतार कुठे, नाला कुठे, विहीर-बोअर कुठे, पावसाचं पाणी कुठून शिरतं.

चादरी-टॉवेलच्या गावात राहणाऱ्यांसाठी एक सूचना. रंगीत पाणी म्हणजे धातू, असं समीकरण मांडू नका. बहुतेक कापडी रंग सेंद्रिय असतात. काहींत धातू असतो, जसं तांब्यावर आधारलेले फिरोजी-निळे रंग. काही जुन्या रंगाई पद्धतींत डायक्रोमेट, म्हणजे क्रोमियम-6 चा क्षार, वापरत. पण नाल्याचं पाणी लाल दिसलं म्हणून क्रोमियम असेलच असं नाही, आणि पाणी नितळ दिसलं म्हणून शिसं नसेलच असंही नाही. विरघळलेल्या शिशाला रंग नसतो.

डाळिंबवाल्यांचा प्रश्नही इथेच घेतो. तेल्या रोगासाठी वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण आणि तांबंयुक्त औषधं मारलेल्या बागेत वरच्या थरात तांबं साठत जातं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटच. त्यासाठी जिवाणूंच्या मागे लागण्याआधी फवारणीतलं तांबं मोजून कमी करणं आणि शेणखत वाढवणं जास्त उपयोगी. आपल्या सामूला ते बरंचसं बांधलेलंच असतं.

पायरी 2: नमुना

बहुतेक नवख्यांचं काम इथेच बिघडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गॅल्व्हनाइज्ड घमेलं वापरलं की जस्त नमुन्यात उतरतं. पितळी चाळण वापरली की तांबं आणि जस्त दोन्ही. लाकडी किंवा प्लास्टिकचं खुरपं, नाहीतर स्टेनलेस स्टीलचं, आणि नायलॉनची 2 मिलिमीटरची चाळण घ्या. स्टेनलेस स्टीलमध्येही क्रोमियम असतं, म्हणून गंजलेलं किंवा घासलं गेलेलं हत्यार नको.

संशयित जागेचे उतारानुसार तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यात नागमोडी चालत 8 ते 10 ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची 0 ते 15 सेंटिमीटरपर्यंतची माती एकत्र करा. त्याच खड्ड्यांतून 15 ते 30 आणि जमलं तर 30 ते 60 सेंटिमीटरची माती वेगळी ठेवा. प्रत्येक ढीग प्लास्टिकवर पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले मिसळा, असं करत अर्धा-एक किलो उरवा. न बिघडलेल्या रानाचा नमुना अगदी याच पद्धतीने घ्या.

आता एकाच नमुन्याचे तीन वाटे. पहिला सावलीत वाळवून, चाळून, एकूण धातूंसाठी. दुसरा ओलाच, घट्ट बंद करून, थंड ठेवून क्रोमियम-6 साठी. तो वाळवला किंवा आठवडाभर ठेवला तर रूप बदलू शकतं, मग आकडा खोटा. तिसरा निर्जंतुक पिशवीत, 4 अंशांवर, जिवाणूंसाठी. एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या डिकीत नमुना ठेवून दुपारभर फिरलात तर तिसऱ्या वाट्यातलं निम्मं जग मेलेलं असतं. बर्फाचा डबा सोबत असू द्या, त्याचा खर्च फार नाही.

हातमोजे आणि तोंडाला मास्क. वाळलेल्या मातीची धूळ श्वासात जाणं हा क्रोमियम-6 शरीरात जाण्याचा सगळ्यात वाईट रस्ता.

पायरी 3: प्रयोगशाळेत नेमकं काय मागायचं

शेतकऱ्याला मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं, कॅडमियम, क्रोमियम त्यात नाही. पत्रिका चांगली आली म्हणून जमीन स्वच्छ आहे असं समजणारे मी बरेच पाहिलेत. ती पत्रिका पिकाच्या पोषणासाठी आहे, विषासाठी नाही.

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला फोन करून विचारा: मातीतल्या क्रोमियम-6 ची चाचणी तुमच्या मान्यतेच्या यादीत आहे का? ‘पाण्यातली करतो’ असं उत्तर बऱ्याचदा मिळतं. मातीची वेगळी असते, अल्कधर्मी अर्क काढून करावी लागते. मागणी लेखी द्या: एकूण क्रोमियम, क्रोमियम-6, शिसं, कॅडमियम, निकेल, तांबं, जस्त, आर्सेनिक, पारा, शिवाय सामू, सेंद्रिय कर्ब आणि नायट्रेट. एकूण धातूंसाठी आयसीपी किंवा अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन यंत्र लागतं.

जवळच्या विहिरीचं पाणीही द्याच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे एकूण क्रोमियम 0.05 मिलिग्रॅम, शिसं 0.01, आर्सेनिक 0.01, निकेल 0.02, कॅडमियम 0.003 आणि पारा 0.001 मिलिग्रॅम एवढीच मर्यादा आहे. यापैकी काही ओलांडलं असेल तर प्रयोग बाजूला ठेवा. आधी ते पाणी पिणं आणि त्यावर स्वयंपाक करणं थांबवा. पाणी उकळून धातू जात नाही, उलट आटल्यामुळे तीव्र होतो. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापुरातल्या उपप्रादेशिक कार्यालयात अहवालासह लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दूषित जागांसाठी केंद्राने 2025 साली स्वतंत्र नियम केले आहेत. जागा मोठी असेल, कारखान्याची असेल, तर साफसफाई हे तुमचं-माझं काम नाही, ती कायद्याने ज्याच्यावर येते त्याचं आहे. आपण स्वतःहून तिथे द्रावण ओतत बसलो तर पुरावाही बिघडतो.

आर्सेनिक जास्त निघालं तरीही थांबा. पुढे आपण जिवाणूंना खाद्य देऊन मातीतला प्राणवायू कमी करणार आहोत. त्या स्थितीत क्रोमियम बसतं, पण आर्सेनिक सुटून पाण्यात येतं. एकाचं औषध ते दुसऱ्याचं दुखणं.

पायरी 4: जिवाणू शोधणं

हे काम सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतच करायचं. घरच्या स्वयंपाकघरात नाही, प्रेशर कुकर असला तरी नाही. डायक्रोमेट विषारी आहे, आणि मातीतून काय उगवेल ते आधी माहीत नसतं. धातू सहन करणाऱ्यांत स्यूडोमोनास एरुजिनोसा, बॅसिलस सिरियस असे माणसाला आजारी पाडणारेही असतात.

तिसऱ्या वाट्यातली 10 ग्रॅम माती 90 मिलिलिटर निर्जंतुक 0.85 टक्के मिठाच्या पाण्यात घालून अर्धा तास हलवा. मग दहापट विरल करत दशलक्षाव्या भागापर्यंत जा आणि प्रत्येकातलं 0.1 मिलिलिटर न्यूट्रिएंट अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर, पसरवा. अगारात लिटरला 100 मिलिग्रॅम क्रोमियम-6 हवं. इथे एक खाचखळगा आहे. डायक्रोमेट अगारासोबत ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक) केलं तर अगारातले सेंद्रिय पदार्थ उष्णतेत त्यातलं काही क्रोमियम-6 बदलून टाकतात. म्हणून 2.829 ग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेट लिटरभर पाण्यात विरघळवा. या द्रावणात लिटरला बरोबर 1000 मिलिग्रॅम क्रोमियम असतं. ते 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून घ्या. अर्ध्या लिटरची सामग्री 450 मिलिलिटर पाण्यात उकळून, ऑटोक्लेव्ह करून, सोसवेल इतकं थंड झाल्यावर त्यात 50 मिलिलिटर द्रावण घाला. तबकड्या 30 ते 35 अंशांवर दोन-तीन दिवस ठेवा.

वसाहती उगवल्या की मुलांना आनंद होतो, आणि व्हावाही. पण तबकडीवर उगवणं म्हणजे सहन करणं. क्रोमियम सहन करणारे पुष्कळ जिवाणू ते नुसतं पेशीबाहेर फेकत राहतात, बदलत नाहीत. बदलतो कोण, ते द्रव माध्यमात पाहायचं: लिटरला 50 मिलिग्रॅम क्रोमियम-6 घातलेलं माध्यम तीन प्रकारे ठेवायचं. एकात जिवंत जिवाणू, दुसऱ्यात उष्णतेने मारलेले, तिसऱ्यात काहीच नाही. 0, 24, 48 आणि 72 तासांनी थोडं काढून, पेशी वेगळ्या करून, डायफेनिलकार्बाझाइड घालायचं. क्रोमियम-6 असेल तर जांभळट गुलाबी रंग येतो, तो 540 नॅनोमीटरवर मोजायचा. जिवंत पेशींत रंग उतरत गेला आणि बाकी दोन्हींत टिकला, तर तो तुमचा जिवाणू. ओळख 16 एस जनुकावरून (जिवाणूंची जात ओळखायला वापरतात ते जनुक) करून घ्या. यादीत रोगकारक निघाला तर कितीही कामसू असला तरी त्याला निरोप द्या.

पायरी 5: कुंड्या

सगळं मर्म इथे आहे, आणि माझी ठेचही इथेच लागली.

पहिल्यांदा मी दोनच प्रकारच्या कुंड्या ठेवल्या होत्या. एकात माती आणि पाणी, दुसऱ्यात माती, गुळाचं पाणी आणि महिनाभर मेहनतीने वाढवलेला जिवाणू. तीन आठवड्यांत दुसऱ्या प्रकारात क्रोमियम-6 जवळजवळ दिसेना. आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. मग एका विद्यार्थिनीने विचारलं, ‘सर, नुसता गूळ टाकून पाहिला का आपण?’ नव्हता पाहिला. पाहिला, तेव्हा नुसत्या गुळाच्या कुंडीतही जवळपास तेवढीच उतरण झाली. काम आमच्या जिवाणूने केलंच नव्हतं. मातीतल्या मूळच्या जिवाणूंना खायला मिळालं आणि त्यांनी ते करून टाकलं. त्या मुलीच्या प्रश्नाने आमची खोटी बढाई वाचली. तेव्हापासून मी चार प्रकारांशिवाय कुंडी मांडत नाही:

- अ: माती आणि पाणी.
- ब: माती, पाणी आणि खाद्य.
- क: माती, पाणी, खाद्य आणि वाढवलेला जिवाणू.
- ड: तीन दिवस सलग ऑटोक्लेव्ह केलेली माती आणि खाद्य. एकदा करून बीजाणू मरत नाहीत.

प्रत्येकी तीन, म्हणजे बारा कुंड्या. बुडाला भोक नको, म्हणजे काही गळून जाणार नाही. कुंडीत एक किलो चाळलेली माती. तुमच्या जागेच्या मातीतच क्रोमियम-6 असेल तर उत्तम. शिकण्यापुरतं करायचं असेल तर साध्या मातीत वरच्या द्रावणातलं 50 मिलिलिटर मिसळा, म्हणजे किलोमागे 50 मिलिग्रॅम होतं. ती माती मग परत शेतात जाणार नाही, हे आधीच ठरवून ठेवा.

खाद्य म्हणून किलोमागे 5 ग्रॅम गूळ, निम्मा पहिल्या दिवशी, निम्मा सातव्या दिवशी, आणि 20 ग्रॅम चांगलं कुजलेलं शेणखत. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात मळी (मोलॅसिस) का नाही, असं कुणीही विचारेल. मळीवर उत्पादन शुल्क विभागाचं नियंत्रण आहे, ती परवान्याशिवाय सहज मिळत नाही. गूळ दुकानात मिळतो. हिशेब पाहिला तर कागदावर एक ग्रॅम साखर दोन ग्रॅमहून जास्त क्रोमियम-6 बदलायला पुरते. प्रत्यक्षात जिवाणू आधी मातीतला प्राणवायू वापरतात, नायट्रेटही वाटेकरी होतं, म्हणून पुष्कळ जास्त द्यावी लागते. युरिया भरपूर खाल्लेल्या जमिनीत हे काम रेंगाळतं ते यामुळेच, आणि म्हणूनच वर नायट्रेट तपासायला सांगितलं. पण गूळ दुप्पट-तिप्पट करू नका. माती सडल्यासारखी वास मारायला लागली की लोह-मँगनीज सुटायला लागलेलं असतं.

ओलावा मातीच्या पाणी धरण्याच्या क्षमतेच्या 60 टक्के. कुंडी वजन करून ठेवा आणि रोज जेवढं वजन घटलं तेवढं पाणी घाला. आपल्या कोरड्या हवेत एक दिवस चुकला तरी वरचा थर खडखडीत होतो. वर भोकं पाडलेलं प्लास्टिक, कुंड्या सावलीत.

‘क’ मधला जिवाणू ताजा वाढवलेला, मिलिलिटरला दहा कोटी पेशींच्या आसपास, किलोमागे 10 मिलिलिटर. बाजारात पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), ट्रायकोडर्मा (रोगनाशक बुरशी) मिळतात, त्यांना हे काम नेमून दिलेलं नाही. ‘हेवी मेटल क्लीनर’ असं छापलेली बाटली कुणी दिली तर आत कोणता जिवाणू आहे, मिलिलिटरला किती आहे, आणि नुसत्या खाद्याशी तुलना केली आहे का, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याचं उत्तर नसेल तर पैसे वाचवा.

नमुने 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. दर वेळी क्रोमियम-6, आणि पहिल्या-शेवटच्या दिवशी एकूण क्रोमियमही. एकूण क्रोमियम दोन्ही वेळा सारखंच यायला हवं. ते घटलेलं दिसलं तर आनंद मानू नका. गळालं कुठे, की मोजायला चुकलं, ते शोधा.

‘ब’ आणि ‘क’ सारखेच निघाले तर जिवाणू वाढवायचा खटाटोप सोडून द्या, खाद्यच पुरे. ‘क’ स्पष्टपणे पुढे असेल तरच तो शेतात न्यावा. ‘ड’ मध्येही बरीच उतरण झाली तर ती रसायनांनी झाली, जिवाणूंनी नव्हे. तेही कळणं चांगलंच.

28 दिवसांनंतर कुंड्या फेकू नका. दोन आठवडे पूर्ण वाळू द्या, मग पुन्हा भिजवा, आणि असं तीनदा करून 90 व्या दिवशी क्रोमियम-6 पुन्हा मोजा. मातीतले मँगनीजचे ऑक्साइड क्रोमियम-3 ला परत क्रोमियम-6 करू शकतात, आणि आपली जमीन वर्षातून वाळते-भिजते ती काही कमी नाही. बहुतेक विद्यार्थ्यांचे अहवाल 28 व्या दिवशीच संपतात. मला त्याच्या पुढचे हवे असतात. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या रायफल इथे जमिनीखाली अ‍ॅसिटेट सोडून जिओबॅक्टर जातीच्या जिवाणूंकडून युरेनियम बसवण्याचे प्रयोग झाले. खाद्य चालू असेपर्यंत ते उत्तम चाललं. खाद्य थांबून प्राणवायू परत आला की बसलेलं युरेनियम पुन्हा विरघळू शकतं, ही काळजी तिथेही आहेच.

पायरी 6: जमिनीवर

कुंडीवरून थेट एकरावर उडी घेऊ नका. हिशेब करून पाहा: एका एकराच्या वरच्या 15 सेंटिमीटरमध्ये सुमारे 800 टन माती असते. किलोला 5 ग्रॅम म्हटलं तर 4 टन गूळ लागेल. म्हणून जिथे आकडा खरोखर जास्त आहे तेवढाच तुकडा धरायचा. 2 मीटर बाय 2 मीटरचे वाफे पाडा, भोवती पक्का बांध. अशा एका वाफ्याला 4 किलो गूळ पुरतो. मोठ्या तुकड्यासाठी गुळाऐवजी शेणखत, प्रेसमड (साखर कारखान्यात रस गाळून उरलेला गाळ), बारीक केलेला कडबा. प्रेसमड किंवा शहरी कंपोस्ट आणणार असाल तर आधी त्याचाच धातूंचा अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशानुसार कंपोस्टात किलोमागे क्रोमियम 50, शिसं 100, निकेल 50 आणि कॅडमियम 5 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

वेळ ऑक्टोबरची. सप्टेंबरचा मोठा पाऊस ओसरलेला असतो, भेगा मिटलेल्या असतात, जमीन वाफशावर येते, आणि ऊबही शिल्लक असते. शाळूच्या पेरणीचा जो मुहूर्त, तोच या कामाचा. वाफसा नसताना, चिखलात किंवा भेगाळलेल्या रानात काही टाकू नका. खाद्य वरच्या थरात खुरप्याने मिसळा, गोणपाट किंवा पाचटाने झाका, हलकं पाणी द्या. पाटाने धो धो पाणी सोडलं तर न बदललेलं क्रोमियम घेऊन ते खाली जाईल. एक वाफा कोरा, म्हणजे फक्त पाण्यावर, ठेवाच.

त्या तुकड्यात पालक, मेथी, कोथिंबीर घेऊ नका, जनावरांसाठी कडवळ-मकाही नको. वाळा लावा. त्याच्या मुळांभोवती जिवाणू पोसले जातात, माती वाहून जात नाही आणि कुणी ते खात नाही. कापलेला पाला चुलीत घालायचा नाही, त्याची धूर-राख घरात येते.

वाफ्यांतून पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, मग जानेवारीत, मग मेच्या भेगांत, आणि पुढच्या सप्टेंबरच्या पावसानंतर पुन्हा ऑक्टोबरात नमुने घ्या. विहिरीचं पाणीही त्याच तारखांना. वहीत तारीख, खोली, पाऊस किती झाला, वास, रंग, सगळं लिहा, चुकलेलंही लिहा. पुढच्या ऑक्टोबरातही क्रोमियम-6 वर आलं नाही, तर शेजारचा तुकडा घ्यायला हरकत नाही.

चाचणीच्या कुंड्यांतली माती, तबकड्या आणि द्रावणं कशी निस्तरायची ते शेवटी सांगतो, कारण शेवटी तेच विसरलं जातं. जिवाणू लागलेलं सगळं ऑटोक्लेव्ह करायचं. डायक्रोमेटचं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही, वेगळ्या कॅनमध्ये साठवून, चिठ्ठी लावून, महाविद्यालयाच्या धोकादायक कचऱ्यासोबत अधिकृत विल्हेवाटीला द्यायचं. ज्या मातीत बाहेरून क्रोमियम घातलं तीही त्याच कॅनच्या रांगेत. जागेवरून आणलेली माती मात्र, काही मिसळलं नसेल तर, त्याच खड्ड्यांत परत नेऊन टाका. दुसऱ्या कुणाच्या रानात नको.